एक कान उभा, एक कान आडवा

श्ट्रालझुंड, ११ ऑक्टोबर २००३

प्रिय हुबर्ट,

अक्षर ओळखलंस ना? ओळखायलाच हवं. एकोणीस वर्षं सशांच्या प्रदर्शनांत तुझ्या टेबलाच्या डाव्या हाताला बसून मी तुझं पुटपुटणं लिहून घेतलंय. तू सशाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचास, "खांदे सैल, अर्धा गुण कमी," आणि मी मुकाट्याने लिहायची. माझा एर्विन गेला, मी हेर्ने सोडलं आणि लेकीच्या, हाइकेच्या गावी समुद्राकाठी येऊन राहिले, त्याला आता तीन वर्षं झाली. तेवढ्या काळात मी तुला नाताळची दोन कार्डं धाडली आणि तू मला एक. तक्रार करायची पाळी खरं तर माझी आहे, पण गरज माझीच असल्यामुळे गप्प बसते.

दर मंगळवारी मी इथल्या प्राण्यांच्या आसऱ्यात गाजरं चिरायला जाते. गेल्या मंगळवारी धुकं इतकं दाट होतं की मला आसऱ्याचं फाटकच सापडेना. सापडलं तेव्हा त्याला टेकून केळ्यांचं एक खोकं ठेवलेलं होतं आणि खोक्यात ससा. राखाडी, नर, आसऱ्यातल्या बाई म्हणतात दहाएक आठवड्यांचा. एक कान उभा, एक कान आडवा. मी वाकले तरी पळाला नाही. उभा कान त्याने माझ्याकडे वळवला आणि आडवा तसाच राहू दिला. धुक्यातून आला म्हणून मी त्याचं नाव धुकंच ठेवलं, नेबेल, आणि त्याला घरी घेऊन आले.

आता अडचण ऐक. आमच्या गृहसंस्थेत बुटक्या जातीचा ससा चालतो, मोठा चालत नाही. पूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थाने तळघरात महाकाय ससे पाळले होते आणि दर रविवारी त्यातला एक कापायचा. तेव्हापासून आमचे देखरेख करणारे झाबेल सशाचं नाव काढलं तरी नाकाला रुमाल लावतात. त्यांचं म्हणणं, जाणकाराचा लेखी दाखला आणा की हा बुटका आहे आणि अडीच किलोच्या वर जाणार नाही. पंधरा नोव्हेंबरपर्यंत दाखला आला नाही तर ससा आसऱ्यात परत.

हुबर्ट, मी सरळच लिहिते. एर्विन गेल्यापासून मी दार उघडून घरात आले की मान वळवून बघणारं कोणी नव्हतं. आता आहे. त्याला परत नेऊन ठेवणं मला जमणार नाही. हा कोणत्या जातींपासून झालाय आणि किती वाढेल, हे सांगू शकेल असा माणूस मला एकच माहीत आहे. सोबत फोटो जोडलाय.

तुझी
गेर्लिंड

⁂

हेर्ने, १६ ऑक्टोबर

गेर्लिंड,

फोटो परत पाठवतोय. बसलेल्या सशाचा फोटो म्हणजे ओव्हरकोट घातलेला माणूस. आत काय आहे ते कळत नाही.

उंटावरून शेळ्या हाकायची मला सवय नाही. ससा टेबलावर हवा, हाताखाली हवा. पण तू एकोणीस वर्षं शेजारी बसून बघितलं आहेस, तेव्हा हात तुझे आणि डोकं माझं असं करून बघू. शनिवारी सकाळी खाण्याआधी वजन कर. सुपाच्या भांड्यात बसव आणि भांड्याचं वजन वजा कर. आपल्या ससेवाल्यांच्या मंडळात एकदा कोणीतरी ते वजा करायचं विसरलं होतं, मी नाव घेत नाही. कान मुळापासून टोकापर्यंत मोज, दोन्ही. मागचा पाय कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरव. मग पाठीवरच्या केसांवर फुंकर घाल, हळू, काचेवर घालतो तशी. केस गोल उघडतील. आत कोणत्या रंगांच्या कड्या दिसतात त्या खालपासून वर लिही. आणि कंगव्यात येतील तेवढे केस पाकिटात घाल. उपटू नकोस.

एक गोष्ट आधीच सांगतो. जे असेल तेच मी लिहीन. मेव्हण्याच्या मादीला मी चौथा नंबर दिला तेव्हा तो सात वर्षं माझ्याशी बोलला नाही. तुझ्या एर्विनचा नर एका पांढऱ्या नखापायी बाद केला आणि त्याच संध्याकाळी तुमच्याकडे बटाट्याचं सूप प्यायलो. एर्विननेच वाढलं होतं. तेव्हा आशा धरून बसू नकोस.

माझं बरं आहे. कंबर सोडून.

हुबर्ट

⁂

श्ट्रालझुंड, २१ ऑक्टोबर

प्रिय हुबर्ट,

तुझं पत्र वाचून इतकं बरं वाटलं! तीन वर्षांत माझ्यावर असं कोणी खेकसलं नव्हतं. इथे सगळे फार गोड बोलतात, आणि ज्यांना गोड बोलायचं नसतं ते बोलतच नाहीत.

घे तुझी मापं. वजन, भांडं वजा करून, अकराशे ग्रॅम. उभा कान साडेसात सेंटिमीटर, आडवा कान साडेसात सेंटिमीटर. मागचा पाय तो कागदावर ठेवू देत नाही. पेन्सिल बघितली की दोन्ही पाय पोटाखाली घेऊन पाव होऊन बसतो. केस पाकिटात आहेत.

फुंकर घातली. हुबर्ट, तू हे रोज करत होतास, तुला त्याचं काही वाटेनासं झालं असेल. मी इतकी वर्षं शेजारी बसून फक्त तुझे ओठ गोल होताना बघितले, आत कधी डोकावलेच नाही. आज खिडकीपाशी त्याला मांडीवर घेतलं आणि फुंकर घातली. केस बाजूला झाले आणि तळाशी निळं दिसलं, पावसाळी समुद्राचं निळं. त्याच्यावर तपकिरी कडी, तिच्यावर बारीक पांढरी, आणि सगळ्यात वर काळी टोकं. फुंकर थांबली की सगळं मिटायचं आणि तो पुन्हा साधा राखाडी ससा. किती वेळा घातली कोण जाणे. शेवटी तो डोळे उघडे ठेवूनच झोपला आणि मी खाली बघत राहिले. मला वाटलं, त्या निळ्यात त्याचे आजे-पणजे असतील. एखादा फ्लँडर्सच्या शेतातला, एखादी कुणा बाईने मफलरसाठी पाळलेली, एखादा जहाजातून आलेला. हाइकेचा फोन वाजला तेव्हा मी भानावर आले.

दाखल्याची वाट बघते.

तुझी
गेर्लिंड

⁂

हेर्ने, ३ नोव्हेंबर

गेर्लिंड,

उशीर झाला. कंबर.

सोबत दाखला. परीक्षक म्हणून माझी सही आहे आणि शिक्का आहे. बाप बुटका लोंबकान्या, आई शिंशिला, म्हणजे रुपेरी-राखाडी रंगाची बुटकी, पूर्ण वाढ झाल्यावर वजन अडीच किलोच्या आत. आडवा कान बापाचा, उभा आईचा. दोघांनी वाटणी करून घेतली आहे. कड्यांचा रंग आईकडचा. झाबेलांना दे आणि एक प्रत स्वतःकडे ठेव.

निळ्याबद्दल तू लिहिलंस ते दोनदा वाचलं. त्याला आम्ही तळरंग म्हणतो. तू म्हणतेस तसं मी त्यात कधी बघितलं नाही. तळरंगाला गुण असतात, म्हणून मी गुणच बघायचो.

शनिवारी वजन कळवत जा. वाटलं तर.

हुबर्ट

⁂

श्ट्रालझुंड, ३० नोव्हेंबर

प्रिय हुबर्ट,

नेबेल राहिला! झाबेलांनी दाखला उलटा-सुलटा करून बघितला, शिक्क्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "स्कोवरोनेक? हे कोण?" मी म्हटलं, "ज्यांनी स्वतःच्या मेव्हण्यालाही सोडलं नाही ते." त्यांनी तो फाइलीत लावला. मी जिना चढताना दोन ठिकाणी थांबून हसून घेतलं.

तुझ्यासारख्या माणसाचे आभार कसे मानायचे हे मला माहीत नाही. तू ओशाळशील आणि कमरेवर घालशील. तेव्हा आभार मानत नाही, बातमी देते.

आज आगमनाचा, म्हणजे नाताळआधीच्या चारांतला पहिला रविवार. मी एक मेणबत्ती लावली आणि नेबेल तिच्याकडे टक लावून बसला होता. तू लिहिलंस बाप लोंबकान्या, आई शिंशिला. पण मला तो दिवसभर बदलताना दिसतो. सकाळी पडदा सारला की रुपेरी असतो, नुसत्या उजेडाचा. दुपारी समुद्रावर ढग आले की निळा होतो. चार वाजता, दिवे लावायच्या आधी, त्याला रंगच उरत नाही, फक्त श्वास उरतो. मी त्या वेळी दिवा लावत नाही. आम्ही दोघं तसेच बसतो आणि मी त्याला एकेका जातीचं नाव सांगते, तू टेबलावर उच्चारायचास तसं. प्रत्येक नावाला तो उभा कान हलवतो. त्याला सगळीच मान्य असावीत.

वजनाचं पुढच्या पत्रात लिहीन. या शनिवारी भांड्यात सूप होतं.

तुझी
गेर्लिंड

⁂

हेर्ने, २१ डिसेंबर

गेर्लिंड,

जेवणानंतर खुर्चीत डोळा लागला आणि एक स्वप्न पडलं. मला स्वप्नं पडत नाहीत, म्हणून लिहितो.

मी प्रदर्शनाच्या टेबलामागे उभा आहे. ससे येताहेत, एकामागून एक. आणून ठेवणारं कोणी नाही, ते आपणहून उडी मारून चढतात. कोणाच्याच कानात गोंदलेला नंबर नाही. चाळीस वर्षांत हाताखालून गेलेले सगळे. एर्विनचा पांढऱ्या नखाचा नरही होता. मी हात ठेवायचो आणि तोंड उघडायचो, पण शब्द फुटायचा नाही. डावीकडे बघितलं तर तुझी खुर्ची होती, कागद होते, पेन होतं. तू नव्हतीस. ससे मात्र खोळंबले नाहीत. हाताखालून जायचे आणि टेबलाच्या पलीकडे पांढऱ्या धुक्यात उतरायचे. सगळे गरम होते. जाग आली तेव्हा तळहात गरम होता. खुर्ची चुलीजवळ असते, त्याने असेल.

तुझ्या सशाखाली पेंढा जाड घाल, वीतभर तरी. नुसत्या जाजमावर ठेवू नकोस. वजनदार सशांचे तळपाय सोलवटतात आणि एकदा जखम झाली की महिनोन्महिने भरत नाही. खोकं लांब घे, त्याला अंग ताणून झोपता आलं पाहिजे. वाळलेलं गवत पोटभर दे.

नाताळच्या शुभेच्छा. हे कार्ड नाही, पत्र आहे. धरायचं तर दोन कार्डांएवढं धर.

हुबर्ट

⁂

श्ट्रालझुंड, १८ जानेवारी २००४

प्रिय हुबर्ट,

तू म्हातारा झालास रे! वजनदार सशांचे तळपाय? वीतभर पेंढा? माझा नेबेल बुटका आहे, तूच तसं लिहून दिलंयस, सही-शिक्क्यानिशी. पत्र वाचून मी मोठ्याने हसले आणि मग जरा काळजीही वाटली. जेवणखाण वेळेवर करतोस ना? गॅस बंद करायला विसरत नाहीस ना?

पेंढा घातला मात्र. तू सांगितलंस म्हणून.

तुझं स्वप्न मी नेबेलला वाचून दाखवलं. पांढऱ्या नखाच्या नराशी मला थांबावं लागलं. एर्विनने तुला कधी सांगितलं नसेल, तो नर नऊ वर्षं जगला, आमच्या स्वयंपाकघरात. प्रदर्शनातून बाद झाला म्हणूनच तो आमचा झाला. एर्विन त्याला "महाराज" म्हणायचा आणि तुझं नाव घेऊन त्याच्यापुढे पाल्याची जुडी ठेवायचा.

इथे बर्फ पडलंय आणि समुद्राचा काठ गोठलाय. संध्याकाळी खिडकीशी बसलं की किनारा कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नाही. नेबेल माझ्या पायांवर झोपतो. पाय मुंगावतात पण मी हलवत नाही. हल्ली वाटतं, हा कशाकशाचा मिळून झालाय ते मला कळूच नये. कळलं की तो तेवढाच होईल.

वजनाचं विचारू नकोस. तराजूच्या घड्याळाचा काटा अडकतोय.

तुझी
गेर्लिंड

⁂

हेर्ने, १४ मार्च

गेर्लिंड,

दोन महिने पत्र नाही. मी काही चुकीचं लिहिलं असेल तर ते पेंढ्याबद्दल असणार, बाकी मी काही लिहिलंच नाही.

वजन विचारत नाही. दुसरं काहीही लिही. चार वाजता तो कोणत्या रंगाचा असतो ते लिही.

माझ्याकडे आता तीनच ससे उरलेत. नऊ पिंजरे रिकामे आहेत. झाडून ठेवतो. मंडळात पूर्वी साठ जण होतो, आता अकरा, आणि त्यातले चार जण फक्त बिअरसाठी येतात. पोस्टमन साडेदहाला येतो. मी फाटकाशी असतो, कमरेला ऊन मिळावं म्हणून.

हुबर्ट

⁂

श्ट्रालझुंड, ८ एप्रिल

हुबर्ट,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

सोमवारी नेबेल जिन्यात सुटला. मी कपड्यांची टोपली घेऊन निघाले होते, दार उघडं राहिलं. खालून झाबेल येत होते, हातात चॉकलेटच्या सशांचं ताट. ईस्टरला ते प्रत्येक दारापुढे एक ठेवतात. नेबेल तीन पायऱ्या उतरला आणि त्यांच्यासमोर मागच्या पायांवर उभा राहिला. त्यांच्या गुडघ्याच्या वर आला. झाबेलांच्या हातातून ताट पडलं. "श्रीमती ब्रुगमान," ते म्हणाले, "हा बुटका?"

साडेपाच किलोच्या वर आहे तो, हुबर्ट. अजून वाढतोय.

काल संस्थेचं पत्र आलं. ससा तीस एप्रिलच्या आत हलवायचा. ते एक झालं. पण खाली आणखी लिहिलं होतं की, असा खोटा दाखला देणाऱ्या परीक्षकाबद्दल आम्ही ससे-संवर्धकांच्या महासंघाला कळवणार आहोत. ते वाचलं आणि मी हे पत्र लिहायला घेतलं. कारण खोटं तू लिहिलं नाहीस. मी लिहिलं.

तुला पाठवलेली मापं खोटी होती. त्या शनिवारी त्याचं वजन एकोणीसशे ग्रॅम भरलं. कान बारा सेंटिमीटर. पाय कागदावर ठेवला होता, त्याची रेघही काढली होती आणि मग ती चुलीत टाकली. मी काही नवखी नाही. तो कोणाच्या वळणावर गेलाय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तुझ्याकडे खरं धाडलं असतं तर तू खरं लिहिलं असतंस आणि ससा गेला असता. म्हणून मीच खोटं केलं, म्हणजे तू जे लिहिशील ते तुझ्या परीने खरंच राहील. तेव्हा हे मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. मग तू वजन विचारायला लागलास आणि मला तोंड लपवावंसं वाटायला लागलं. चोराच्या मनात चांदणं! पेंढ्याबद्दल वाचलं तेव्हा क्षणभर वाटलं की तुला कळलंय, आणि मग मी तुलाच म्हातारा ठरवून मोकळी झाले.

आज सकाळी मी संस्थेच्या कचेरीत गेले आणि सगळं कबूल केलं. मापं माझी, लबाडी माझी, परीक्षकांना फसवलं ते मी. लिहून सही करून दिलं. त्यांनी महासंघाला कळवायचं रद्द केलं. तुझं नाव स्वच्छ आहे. नियम मात्र नियमच राहिला. आसऱ्यात मोठ्या सशाला जागा आहे म्हणतात. हाइके म्हणते, "आई, आठवड्यातून दोनदा जाऊन भेटत जा." मी दार उघडून आत येते तेव्हा तो अजून मान वळवतो. हल्ली त्या वेळी मला त्याच्याकडे बघवत नाही.

मला माफ कर. माझ्यावर खेकस, पण पत्र टाक.

गेर्लिंड

⁂

हेर्ने, १३ एप्रिल

गेर्लिंड,

माझं नाव धुवायला तुला कोणी सांगितलं होतं?

मला माहीत होतं. ऑक्टोबरपासून माहीत होतं. तू पाकिटात केस पाठवलेस ते साडेतीन सेंटिमीटर लांब होते. बुटक्याचा केस अडीचच्या वर जात नाही, हे मी तुला किमान पाचशे वेळा तोंडी सांगितलं असेल आणि तू ते पाचशे वेळा लिहिलं असशील. मापं खोटी करायची आणि केस खरे पाठवायचे, असली लबाडी फक्त प्रामाणिक माणूस करतो. शिवाय त्या पत्रात तू सगळीकडे खाडाखोड केली होतीस, आकड्यांत एकही नव्हती. आणि दोन कान अगदी सारखे? कुठल्या सशाचे असतात?

बाप लोंबकान्या, बुटका नाही, मोठा. आई राखाडी महाकाय. तिच्या आईकडून कुठेतरी शिंशिला, ते निळं तिथलं. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

अकरा दिवस घेतले ते कमरेपायी नाही. रोज जुन्या खाणीच्या राखेच्या टेकडीवर चढलो आणि उतरलो. चाळीस वर्षांत मी कोणालाही अर्धा गुण फुकट दिला नाही. अकराव्या दिवशी घरी आलो, जेवलो आणि सही केली. त्या दिवशी शांत झोप लागली, हे मलाही विचित्र वाटलं.

तुला वाटत असेल मी ते सशासाठी केलं. सशाबद्दल मला काय माहीत होतं? मी त्याला हात लावलेला नाही. तुझी दोन कार्डं सोडली तर तीन वर्षांत माझ्या पेटीत जाहिरातींशिवाय काही पडलं नव्हतं. मग तुझं पत्र आलं, मग दुसरं आलं, त्यात ते निळं होतं. ससा परत गेला असता तर तू मला कशाबद्दल लिहिलं असतंस? नाताळला एक कार्ड. तू सशासाठी खोटं लिहिलंस, मी पत्रांसाठी. पेंढ्याचं लिहिलं ते तुझ्या सशाचे पाय सोलवटू नयेत म्हणून. त्यावर तू मला म्हातारा म्हणालीस तेही मी गिळलं.

शनिवारी मी मंडळाच्या बैठकीत उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. दाखला खोटा होता, मला माहीत होतं, बाईंचा दोष नाही. मग अध्यक्ष म्हणाले, "स्कोवरोनेक, तू?" आणि सगळे इतके हसले की बिअर सांडली. परीक्षकाचा बिल्ला मीच काढून टेबलावर ठेवला. तो त्यांनी घेतला, हसत हसत पण घेतला, आणि ते बरोबरच आहे. छाती हलकी झाली म्हणवत नाही. सवय होती त्याची.

आता नेबेलचं. आसऱ्यात अजिबात पाठवू नकोस. माझ्या तीन रिकाम्या पिंजऱ्यांमधल्या फळ्या मी काल काढल्या, त्यांचा एक केला. पुढे परस आहे, गवत आहे, सफरचंदाचं झाड आहे. तो इथे राहील. दिवसभर मोकळा राहील.

पण एक सांगायचं आहे आणि ते मला नीट जमणार नाही. तो इथे आला की मी तुला दर शनिवारी त्याचं वजन कळवीन, तू उत्तर पाठवशील, मी फाटकाशी उभा राहीन. असं बरीच वर्षं चालू शकेल. मी सत्तरीला आलोय, तू अडुसष्टची. ते मला नको आहे. आपली ही पत्रं बंद व्हावीत असं मला वाटतं, गेर्लिंड. वरची खोली दक्षिणेला आहे. चार वाजता तिथे दिवा लागत नाही, उजेड पुरतो. तुझ्या पसंतीचे पडदे लाव.

नाही म्हणालीस तरी ससा पाठव. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

हुबर्ट

⁂

श्ट्रालझुंड, १९ एप्रिल

हुबर्ट,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. शुक्रवार, शनिवार आणि रविवार मी ते पदराआड धरल्यासारखं घरभर घेऊन फिरले. नेबेलने त्याचा एक कोपरा खाल्ला, "बिल्ला" असं लिहिलंय तिथला. बिल्ल्याबद्दल मला रडू आलं आणि मग केसांच्या साडेतीन सेंटिमीटरवर हसू आलं. दोन्ही एकाच वेळी कसं करायचं ते मला या वयात शिकावं लागलं.

हाइकेला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू एका सशापायी घर सोडून चाललीस?" मी म्हटलं, नाही. तिने आधी हातातला चहा संपवला. मग उठली आणि माळ्यावरून मोठी पेटी काढून आणली. माझी लेक शहाणी आहे, फक्त तिला जरा वेळ लागतो.

घराची जादाची किल्ली मी आज झाबेलांकडे देऊन आले. सामान हाइके मागाहून पाठवेल. किल्ली घेताना ते म्हणाले, "श्रीमती ब्रुगमान, त्या सशाचं मला वाईट वाटतं, पण नियम…" मी म्हटलं, "झाबेल, तुमच्या नियमाचे माझ्यावर उपकार आहेत." ते गोंधळले. त्यांना समजावत बसायला मला वेळ नव्हता.

शनिवारी, चोवीस तारखेला, चार बेचाळीसला हेर्नेला पोचणारी गाडी. हाम्बुर्गला आणि डोर्टमुंडला बदलायची आहे, दोन्हीकडे मदत मागेन. एका हातात पेटी असेल, दुसऱ्या हातात टोपली. टोपली जड आहे, ती तू घे. कमरेचं नंतर बघू.

उद्या मी हाइकेकडे जाते, शनिवारपर्यंत तिथेच. याला उत्तर पाठवू नकोस. ते इथे पोचेल तेव्हा दार उघडायला या घरात कोणी नसेल.

गेर्लिंड